पाच टिकमार्क, एक कागद

माझ्याकडे ती वही अजून आहे. २०१९ सालची, पुढच्या पानांवर एमएस्सीच्या नोट्स आणि सगळ्यात मागे 'डोंबिवली पूर्व, वन बीएचके' असं लिहून खाली पाच ओळी. रेरा नंबर, बँक लोन, रजिस्ट्रेशन, घरपट्टी, आधी विकले गेलेले फ्लॅट. पाचही ओळींपुढे हिरव्या पेनाने टिकमार्क.

आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात राहत होतो (अजूनही राहतो). 'तू सायन्सवाली, तू बघ जरा' म्हणून बाबांनी हे काम माझ्यावर टाकलं होतं. मी ते अगदी मन लावून केलं. महारेराच्या साइटवर जाऊन नंबर टाकून बघितला, पी५१७ ने सुरू होणारा, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा. प्रोजेक्टचं पान उघडलं. एका बँकेच्या माणसाने लोन होईल म्हणून सांगितलं. आधीच्या विंगमधल्या एका काकूंनी त्यांचा नोंदणीकृत करारनामा आणि घरपट्टीची पावतीसुद्धा दाखवली. एजंट म्हणाला, शनिवारपर्यंत टोकन द्या, नाहीतर फ्लॅट जातोय. मी बाबांना सांगितलं, पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून खात्री केलीय, घ्या.

हे माझं तेव्हाचं वाक्य लक्षात ठेवा. 'पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून.' आजची पोस्ट त्या वाक्यात काय चुकलं होतं याबद्दल आहे. तुम्ही पेटच्या किंवा नेटच्या तयारीत असाल तर पुरावा, सॅम्पल, स्वतंत्र निरीक्षण हे शब्द तुम्ही पाठ केलेच असतील. मीही केले होते.

डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. २०२२ मध्ये ते गाजायला लागलं. कल्याण-डोंबिवली महापालिकेने या इमारतींना बांधकाम परवानगी दिलेलीच नव्हती. महापालिकेचे शिक्के आणि अधिकाऱ्यांच्या सह्या असलेली परवानगीपत्रं बनावट तयार केली गेली, ती महारेराला सादर झाली, आणि त्यांच्या जोरावर महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. इथे जरा थांबा. नोंदणी क्रमांक बनावट नव्हता. तो महारेरानेच दिला होता. साइटवर शोधला तर सापडत होता. बनावट होता तो त्याच्या मागचा कागद.

डोंबिवलीचे वास्तुविशारद संदीप पाटील यांनी हे प्रकरण लावून धरलं आणि मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. मानपाडा आणि रामनगर पोलीस ठाण्यांत बिल्डरांवर गुन्हे दाखल झाले, ठाणे पोलिसांनी विशेष तपास पथक नेमलं. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती तीन महिन्यांत पाडायचे आदेश दिले. तोवर त्यांत हजारो माणसं राहायला गेली होती. दाराला तोरणं लागली होती, मुलांची नावं जवळच्या शाळांत घातली होती, हप्ते चालू होते.

'लोकांना कळत नाही का घेताना?' हे वाक्य तेव्हा ट्रेनमध्ये मी कितीदा ऐकलं असेल. कळत नाही, असं माझं उत्तर आहे. आणि ते का कळत नाही, हे समजून घेणं तुमच्या कुठल्याही संशोधनाला उपयोगी पडेल.

एकेक टिकमार्क घेऊन मागे मागे जाऊया.

पहिला रेरा. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बिल्डरने अर्जासोबत सक्षम प्राधिकरणाच्या परवानगीची प्रमाणित प्रत आणि शपथपत्र द्यायचं असतं. कलम ५ प्रमाणे तीस दिवसांत नोंदणी द्यायची किंवा नाकारायची. काहीच निर्णय झाला नाही तर नोंदणी झाली असं धरलं जातं. म्हणजे या यंत्रणेची रचना अशी की आलेली कागदपत्रं पूर्ण आहेत का हे तपासायचं. त्या काळात महापालिकेला उलट विचारलं गेलं नाही की 'हे पत्र तुमचंच ना?' आपण मात्र नंबर बघून समजत होतो की कुणीतरी हे विचारलं असेलच.

दुसरा टिकमार्क बँकेचा. आपल्याकडे हा सगळ्यात वजनदार मानतात. 'बँक एवढे पैसे देतेय म्हणजे त्यांच्या वकिलाने बघितलं असणारच.' वकील बघतो, खरं आहे. जमिनीचा सर्च घेतो, सातबारा, फेरफार, आधीचे व्यवहार बघतो. बांधकाम परवानगीची प्रत? ती बिल्डरच्या फाइलमधून येते. शिवाय सोबत रेरा नंबर असतो, मग शंका घ्यायची कशाला. आणि खरं सांगायचं तर बँकेला इमारतीइतकाच, किंबहुना जास्त, रस तुमच्या सॅलरी स्लिपमध्ये असतो. इमारत पाडली म्हणून हप्ता थांबत नाही. बँकेची जोखीम आणि तुमची जोखीम ही एक नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तिसरा, रजिस्ट्रेशन. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. दोन्ही बाजूची माणसं तीच आहेत का, मुद्रांक शुल्क भरलंय का, हे तिथे बघतात. अंगठा लागतो, फोटो निघतो, आपल्याला वाटतं सरकारने शिक्का मारला. शिक्का मारला हे बरोबर, पण तो 'या दोघांनी असा करार केला' या गोष्टीवर. इमारत कायदेशीर आहे यावर नाही.

चौथा, घरपट्टी. हा माझा लाडका, कारण यात मी सगळ्यात जास्त फसले. मला वाटायचं, महापालिका कर घेते म्हणजे महापालिकेला इमारत मान्य आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात २६७अ हे कलमच बेकायदा बांधकामांकडून दंड म्हणून जादा कर घेण्याबद्दल आहे, ज्याला आपण शास्ती म्हणतो. आणि त्यातच म्हटलंय की कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. म्हणजे घरपट्टीची पावती ही कायदेशीर इमारतीला मिळते आणि बेकायदा इमारतीलाही मिळते. तुमच्या भाषेत सांगायचं तर जी चाचणी दोन्ही गटांत पॉझिटिव्ह येते तिच्यात माहिती शून्य असते.

पाचवा, आधी फ्लॅट घेतलेली माणसं. त्या काकूंनी काय बघून घेतला होता? रेरा नंबर आणि बँक लोन.

आता वहीतली यादी पुन्हा बघा. बँक रेराकडे बघतेय. काकू बँकेकडे आणि रेराकडे बघतायत. मी काकूंकडे, बँकेकडे आणि रेराकडे बघतेय. रेरा एका कागदाकडे बघतंय. आणि तो कागद जिच्या नावाने निघाला त्या महापालिकेला कुणीच विचारलेलं नाही.

आमच्या शाखेत याला एक नाव आहे. मी ठाणे खाडीतल्या कांदळवनाच्या चिखलावर काम करते. समजा मला ऐरोलीच्या बाजूच्या चिखलात आणि दिव्याच्या बाजूच्या चिखलात फरक आहे का ते बघायचंय. मी दोन्हीकडे एकेकच खड्डा खणला, एकेक बादली चिखल आणला, प्रयोगशाळेत प्रत्येक बादलीचे पाच भाग केले आणि लिहिलं, 'नमुने प्रत्येकी पाच'. आकडे छान येतील. पाचही भाग एकमेकांशी जुळतील, त्रुटीची रेघ इवलीशी दिसेल, पी व्हॅल्यू एकदम सुंदर. आणि सगळं चूक, कारण माझ्याकडे प्रत्येक ठिकाणचा नमुना एकच आहे. पाच भाग जुळले ते एकाच बादलीतले होते म्हणून. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स'मधल्या एका पेपरात या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटलं. मराठीत आपण खोटी पुनरावृत्ती म्हणू. त्यांनी तेव्हाचे छापून आलेले पेपर तपासले तेव्हा ही चूक किती चांगल्या चांगल्या लोकांनी केलीय ते दिसलं.

आकड्यांत बघूया. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, कुठे मोजलेले नाहीत. समजा प्रत्येक तपासणी बनावट इमारत शंभरात चाळीस वेळा चुकून पास करते. पाच तपासण्या खरोखर स्वतंत्र असतील तर पाचही एकदम चुकण्याची शक्यता ०.४ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ०.०१. शंभरात एक. या हिशेबावर माणूस निर्धास्त झोपतो. पण पाचही तपासण्या एकाच कागदावर उभ्या असतील तर शक्यता ०.४ च राहते. शंभरात चाळीस. बाबांना मी शंभरात एकवाली खात्री दिली होती.

ज्यांना सूत्र हवंय त्यांच्यासाठी: n निरीक्षणं असतील आणि त्यांचा आपसातला सहसंबंध ρ असेल, तर प्रत्यक्षात किती निरीक्षणांइतकी माहिती मिळाली याचा अंदाज n ÷ (१ + (n − १)ρ) असा काढतात. n = ५ आणि ρ = ०.८ घातलं तर उत्तर येतं १.१९. पाच टिकमार्क, माहिती सव्वा टिकमार्काची. व्हायवाला हे विचारतात, करून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, सहावी तपासणी करायची ना मग, महापालिकेत जाऊन. हो, करायचीच. पण ती कुणी करत का नाही, यात बाजाराचा मोठा हात आहे.

ठाणे आवाक्याबाहेर गेलं की माणूस डोंबिवलीकडे बघतो, डोंबिवली परवडेना की कल्याण, टिटवाळा, बदलापूर. या लाइनवर घर शोधणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य तोंडपाठ असतं: 'अजून एक पार्टी बघून गेलीय, संध्याकाळी फायनल करतायत.' ती पार्टी कधी खरी असते, कधी नसते. परिणाम एकच. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तराला तीस दिवसांची मुदत. एजंटची मुदत दोन दिवस. नगररचना विभागात खेटे घालायचे तर नोकरीवर सुट्टी टाकायची. जो तपासत बसतो त्याच्या हातून फ्लॅट जातो, आणि जो तपासत नाही त्याला मिळतो. म्हणजे ज्याच्या हातात शेवटी किल्ली येते तो बऱ्याचदा सगळ्यात कमी प्रश्न विचारणारा असतो.

याच्याशी नातं असलेला एक जुना पेपर आहे, १९७१ चा, केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघांचा. तेल कंपन्या मेक्सिकोच्या आखातात लिलावात जागा घ्यायच्या आणि नंतर रडायच्या, असं का होतं, हा त्यांचा प्रश्न होता. तेल किती आहे याचा प्रत्येकाचा अंदाज थोडा चुकतो. लिलाव तोच जिंकतो ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकलाय. पुढे याला 'विनर्स कर्स' हे नाव पडलं. आपल्याकडे फ्लॅटचा लिलाव होत नाही, बोली लागते ती घाईची.

आणि घाईत माणूस काय करतो? दुसऱ्याकडे बघतो. अभिजित बॅनर्जी (हो, तेच २०१९ चे नोबेलवाले, जन्म मुंबईचा आणि आई मराठी, म्हणून आपण थोडा हक्क सांगायला हरकत नाही) यांचा १९९२ चा कळपवृत्तीवरचा पेपर सुरुवातीला वाचायला अगदी चांगला. त्यात दोन हॉटेलांचं उदाहरण येतं. थोडक्यात मुद्दा असा की पहिल्या एकदोघांनी एका हॉटेलात पाऊल टाकलं की पुढचा प्रत्येक जण आपल्याकडची स्वतःची माहिती बाजूला ठेवून त्यांच्या मागे जातो. आणि तसं करणं त्याच्या बाजूने मूर्खपणाचं नसतं. फक्त त्या क्षणापासून रांगेत नवीन माहिती येणं बंद होतं. रांग शंभर जणांची असली तरी माहिती पहिल्या दोघांचीच. म्हणूनच इमारतीतले चाळीस फ्लॅट विकले गेले असणं हे चाळीस माणसांनी तपासल्याचं लक्षण नाही.

हे फक्त घरांपुरतं असतं तर मी या ब्लॉगवर लिहिलं नसतं. स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी २००९ मध्ये 'बीएमजे'त स्नायूंच्या एका आजारासंबंधीच्या एका दाव्याचा माग काढला. २४२ पेपर, सगळे एकमेकांना उद्धृत करणारे. दावा इतक्यांदा आला होता की तो सिद्धच झालाय असं वाटावं. धागे उसवत मागे गेल्यावर मूळ पुरावा मोजक्या पेपरांत सापडला, तोही एकाच प्रयोगशाळेतला, आणि विरुद्ध जाणारे निष्कर्ष बहुतेकांनी उद्धृतच केले नव्हते. तुम्ही साहित्य आढाव्यात 'अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे' असं लिहून कंसात सहा नावं टाकता तेव्हा त्या सहा जणांनी कुणाचं नाव टाकलंय हे बघता का? मी पहिल्या वर्षी बघितलं नव्हतं. गाइडने एक संध्याकाळ बसवून माझ्या सहापैकी चार संदर्भ एकाच जुन्या पेपरापर्यंत नेऊन दाखवले. मला तेव्हा हिरवे टिकमार्क आठवले.

मग ६५ इमारतींचं बिंग फुटलं कसं? यात काही भारी तंत्र नव्हतं. महारेराच्या साइटवर इमारतीच्या परवानगीचा जो कागद लावलाय, त्याबद्दल माहितीच्या अधिकारात महापालिकेला विचारलं गेलं, ही परवानगी तुम्ही दिली का? उत्तर आलं, नाही. दहा रुपयांचा अर्ज. कागद ज्याच्या नावाचा आहे त्यालाच विचारणं, ही या सगळ्या प्रकरणातली पहिली खरी स्वतंत्र तपासणी होती.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण कुणीतरी म्हणेलच की शेवटी हा कागदाचाच प्रश्न, इमारत तर भक्कम आहे ना. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण गेले. परवानगीच्या प्रक्रियेत नकाशा, पाया, गच्चीपर्यंतचा भार यांवर कुणीतरी सही करून जबाबदारी घेतं. परवानगी बनावट असली म्हणजे इमारत कच्चीच असेल असं नाही. पण ती पक्की आहे असं म्हणायला कुणी जबाबदार माणूस उरत नाही.

६५ इमारतींनंतर काही गोष्टी बदलल्या. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र खरंच स्थानिक प्राधिकरणाने दिलंय का याची महारेरा आता त्या प्राधिकरणाकडून खातरजमा करून घेतं. म्हणजे जो प्रश्न कुणी विचारत नव्हतं तो आता यंत्रणेत बसवलाय. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या एका निकालात बँकांनाही बजावलं की पूर्णत्वाचं किंवा भोगवटा प्रमाणपत्र पडताळूनच इमारतीवर कर्ज द्यावं. चांगलंच आहे. पण जुन्या नोंदण्या अजून साइटवर आहेत, आणि रिसेलचा फ्लॅट घेणारा अजूनही त्याच पाच टिकमार्कांच्या जोरावर घेतो.

तर तुमच्या घरी कुणी या लाइनवर घर बघत असेल तर एवढं करा. सीसी आणि ओसी यांच्या प्रती बिल्डरकडून घ्या, पण खात्री बिल्डरकडून घेऊ नका. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. लेखी उत्तर मागा. एजंट शनिवार म्हणतोय तर त्याला सांगा की रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेताच येत नाही. निदान तेवढ्यावर तरी अडून बसा. दोन फ्लॅट हातचे जातील. आमचे तीन गेले.

२०१९ चा तो फ्लॅट आम्ही घेतला नाही. माझ्या हुशारीमुळे नाही. शुक्रवारी रात्री बिल्डरने दोन लाख वाढवले आणि बाबांचं गणित बसेना. पुढे ६५ इमारतींची यादी आली तेव्हा मी ती श्वास रोखून वाचली. ती इमारत त्यात नव्हती. पण त्या रात्री मी माझी वही काढून यादीतल्या एकेका इमारतीचा विचार केला, आणि त्यातली कुठलीही इमारत माझ्या पाच ओळींतून आरामात पास झाली असती.

आता नवीन वहीत टिकमार्कच्या शेजारी एक रकाना वाढवलाय: 'यांना हे कुणी सांगितलं?' प्रयोगशाळेच्या वहीतही तोच रकाना आहे. बाबा पुन्हा घर बघतायत, या वेळी कल्याण पश्चिमेला. मंगळवारी मी चिखल चाळत असताना त्यांचा नगररचना विभागातून फोन आला. म्हणाले, साहेब जेवायला गेलेत, तीननंतर या म्हणतायत, मी बसतो इथेच.